देवाचा डास

समुद्रापलीकडच्या एका थंड देशातून पिंपळदरा नावाच्या गावात एक तरुण पाद्री राहायला आला. त्याचं नाव एडविन. वय कोवळं, गाल लालबुंद आणि उत्साह असा, की कोंबड्याच्या आधी हाच उठून घंटा वाजवी.

मनाने तो चांगला होता. स्वतःचं पाणी स्वतः भरी. स्वतःची भाकरी स्वतः थापी. ती कधी नकाशासारखी होई, कधी कोळशासारखी. तरी आनंदाने खाई. कुणाच्या बैलाला काटा टोचला, कुणाचं पोर तापलं, की हा औषधांची पेटी घेऊन दारात हजर. गाव त्याला पाद्रीबाबा म्हणू लागलं.

खोड एकच होती. आपल्याला मराठी उत्तम येते, असं त्याला वाटे. जहाजावर त्याने एक जाडजूड व्याकरण तोंडपाठ केलं होतं. पण उत्साहात आला की त्याच्या तोंडी 'द'चा 'ड' होई आणि 'त'चा 'ट'. पहिल्याच बाजाराच्या दिवशी तो चिंचेखाली दगडावर उभा राहिला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "बंधूंनो, मी डेवाचा डास आहे! मी टुमच्या घरोघरी येणार!"

रायाजी तेली शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "आधीचे काय कमी होते?"

सभा संपल्यावर शाळेचे बळवंत गुरुजी हळूच पुढे झाले. "बाबा, तो शब्द जरा…"

एडविनने हसून हात वर केला. "गुरुजी, शब्द ग्रंथातले आहेत. ग्रंथ चुकत नाही."

पुढे एकदा तो म्हणाला, "बैल गाडी सोडतात, तसे आपण एकमेकांचे ओझे सोडावे." गुरुजींनी सांगून पाहिलं, की बैल गाडी ओढतात. तेव्हा एडविनचे लाल गाल आणखी लाल झाले. त्यानंतर गुरुजी गप्प बसले. गावही गप्प बसलं. तो काहीही बोलला तरी लोक माना डोलावत, "बरोबर, बाबा," म्हणत आणि तो वळणाआड गेला की पोट धरून हसत. पोरं तर त्याच्यामागून 'गुंऽऽ' करत चालत. पोरांना स्तोत्राची गोडी लागली, असं समजून तो त्यांना गूळ वाटे.

चैत्रात गावचं तळं आटलं. मधे थोडं पाणी, भोवती नुसता गाळ. एका दुपारी ठकूबाईची म्हैस पाण्याच्या आशेने आत गेली आणि पोटापर्यंत रुतली. ठकूबाई म्हातारी, एकटी. त्या म्हशीच्या दुधावरच तिची चूल पेटे. ती काठावर बसून म्हशीला नावाने हाका मारत होती आणि म्हैस हळूहळू खाली चालली होती.

माणसांनी शिंगांना दोर बांधला. एवढ्यात एडविन धावत आला. त्याचा बाप दलदलीच्या मुलखातला शेतकरी होता. रुतलेल्या गाई कशा काढतात, ते एडविनने लहानपणापासून पाहिलं होतं. त्याने खुणा करून फळ्या मागवल्या, दोर शिंगांवरून काढून पोटाखालून घ्यायला लावला आणि झगा खोचून स्वतः गाळात शिरला. मागून त्याने म्हशीला रेटा दिला. पुढून माणसांनी दोर ताणला. म्हैस हलली. तिचा एक पाय फळीवर आला.

एडविन जिवाच्या आकांताने ओरडला, "सोडा! सगळे मिळून सोडा!"

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. "आता सोडायचं?" रायाजीने विचारलं.

"जोराने सोडा!"

"बाबांना ठाऊक," रायाजी म्हणाला आणि सगळ्यांनी दोर सोडला.

म्हैस धपकन मागे बसली. पाद्रीबाबा दिसेनासे झाले. थोड्या वेळाने गाळातून आधी एक हात वर आला, मग तोंड.

"सोडलं का नाही?" ते तोंड किंचाळलं.

"सोडलं ना! तुम्हीच सोडा म्हणालात!"

"सोडा म्हणजे असं!" एडविनने दोन्ही हातांनी दोर खेचल्याची खूण केली.

"त्याला ओढा म्हणतात, बाबा," गुरुजी काठावरून म्हणाले.

एडविन थबकला. मागेही हाच शब्द होता आणि सांगायला आलेले गुरुजीही हेच होते. तो हळू आवाजात म्हणाला, "मग आज कुणी बोललं का नाही?"

ठकूबाई ताडकन उठली. "कोण बोलणार? सांगायला आलेल्याला तू परतवून लावतोस. आणि ही आमची शहाणी माणसं! तोंडावर बरोबर म्हणतात आणि मागे दात काढतात. तुम्हा सगळ्यांच्या शहाणपणात माझी म्हैस मरायला लागली!"

माणसांनी माना खाली घातल्या. एडविनला तोंड लपवावंसं वाटलं. चिखलाने ते आधीच लपवलं होतं. मग तो म्हणाला, "आणखी काय चुकतं माझं? सगळं सांगा."

रायाजीने घसा खाकरला. "बाबा, तुम्ही देवाचे दास. डास म्हणजे…" आणि त्याने 'गुंऽऽ' करून स्वतःच्या गालावर चापट मारली.

एडविनला पोरांचं स्तोत्र आठवलं. वाटलेला गूळ आठवला. आणि तो इतका हसला, की गाळ हिंदकळला. त्या दिवशी गाव पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसलं.

"हसायचं मागनं!" ठकूबाई ओरडली. "म्हैस!"

"गुरुजी, हुकूम तुम्ही करा," एडविन एकेक शब्द जपून म्हणाला. "मी म्हशीला खांदा देतो."

"बाबा, खांदा मेलेल्याला देतात. जिवंत म्हशीला खांदा लावतात."

"लावतो!" एडविन लगेच म्हणाला आणि त्याने खांदा लावला.

गुरुजींनी "ओढा!" म्हणून आरोळी ठोकली. तिसऱ्या हिसक्याला म्हैस वर आली आणि अंग झटकून तिने गुरुजींसकट सगळ्यांना सारखंच चिखलाने माखलं.

पुढच्या बाजाराला एडविन चिंचेखाली उभा राहिला. एक वाक्य बोले, थांबे आणि विचारी, "बरोबर?" लोक सांगत. कुणी शब्द सुधारी, कुणी वर एक म्हण जोडी. दोन बायकांची तर एका शब्दावरून आपसातच जुंपली. चार वाक्यांचं प्रवचन दिवेलागणीपर्यंत चाललं, पण मधेच उठून कुणी गेलं नाही.

तात्पर्य: चूक सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं म्हणून चूक जात नाही, ती आपल्या एकट्याला सोडून साऱ्या गावाला ऐकू येते.