नावाड्याच्या मुलीची परीक्षा

फार पूर्वी एका मोठ्या नदीच्या काठी एक नावाडी राहत होता. त्याला एकच मुलगी होती, साधारण तुमच्याच वयाची. नदीच्या पोटात पुष्कळ खडक होते आणि पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की त्यातला एकही दिसत नसे. म्हणून गावाने प्रत्येक खडकाला नाव दिलं होतं. म्हैस, करवत, आडवी सासू, कासव, अशी कितीतरी. खडक जवळ आला की नावाडी त्याचं नाव पुकारायचा आणि होडी वळवायचा.

त्या गावाची एक रीत होती. ज्याला होडी चालवायची असेल, त्याने म्हाताऱ्या नावाड्यांसमोर नदीकडे पाठ करून उभं राहायचं आणि या काठापासून त्या काठापर्यंतचे सगळे खडक ओळीने सांगायचे. एक जरी चुकला तरी जन्मात होडी मिळायची नाही. "नदी दुसरी संधी देत नाही, मग आम्ही कोण देणार?" असं म्हातारे म्हणत.

नावाड्याची नजर अधू होत चालली होती. येत्या पावसाळ्यात त्याला होडी सोडावीच लागणार होती. मुलगी परीक्षेत उतरली तर होडी घरात राहणार होती, नाहीतर परक्याकडे जाणार होती.

मुलगी रोज बापाबरोबर होडीत बसायची. बाप म्हणायचा, "आता म्हैस." मुलगी म्हणायची, "हो, म्हैस." बाप म्हणायचा, "आता करवत." मुलगी म्हणायची, "करवत, माहीत आहे मला." तुम्ही वर्गात मान डोलावता ना, अगदी तस्सं.

"पोरी, माझ्याआधी तू बोलून बघ," बाप सांगायचा. "घरी गेलीस की डोळे मिटून रोज थोडं थोडं म्हण. जिथे अडशील तिथलं मला विचार."

"बाबा, रोज ऐकतेच आहे की! येतंय मला सगळं."

एकदा तिने खरोखरच डोळे मिटून पाहिले होते. करवतीच्या पुढे काही आठवेना. अडायला कुणाला आवडतं? तिला कसंतरीच झालं. तिने डोळे उघडले, ती खेळायला निघून गेली आणि पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र तिचं धाबं दणाणलं. तहान लागल्यावर विहीर खणायला निघाली बिचारी. दिवसभर तिने बापाला या काठावरून त्या काठावर फिरवलं. पुकारून पुकारून बापाचा आवाज बसला. संध्याकाळी तिला वाटलं, झालं सगळं पाठ.

दुसऱ्या दिवशी ती नदीकडे पाठ करून उभी राहिली.

"म्हैस," ती म्हणाली. "करवत. आडवी सासू..."

आणि ती थांबली. तिचे कान बापाच्या आवाजाची वाट बघत होते. बाप समोरच उभा होता, पण त्याला बोलायची बंदी होती.

"पुढे, पोरी?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"माहीत आहे मला. अगदी जिभेवर आहे."

"जिभेवर असेल तर बाहेर येऊ दे."

काही बाहेर आलं नाही. "बाबा, सांगा ना!" ती रडत म्हणाली. बापाने मान खाली घातली.

होडी दुसऱ्या एका तरुणाला मिळाली. बाप घरात बसून लांबून येणारा वल्ह्याचा आवाज ऐकत राहायचा. तो मुलीला एका शब्दानेही बोलला नाही. तेच तिला जास्त लागलं.

त्यानंतर बाजाराला जाताना ती परक्याच्या होडीत बसू लागली. तो पुकारण्याआधी ती मनातल्या मनात खडकाचं नाव घ्यायची. अडली तर नीट ऐकायची आणि घरी आल्यावर डोळे मिटून पुन्हा म्हणायची. हळूहळू तिचं अडणं संपलं. एक दिवस तिने बापाला सगळे खडक ओळीने म्हणून दाखवले.

बापाला तोवर काहीच दिसेनासं झालं होतं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"एकही चुकली नाहीस," तो म्हणाला, आणि दोघंही रडू लागली. आता तिला सगळी नदी येत होती, पण तिला कुणी विचारणार नव्हतं.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: समोर असताना सगळ्यांनाच येतं, पुस्तक मिटल्यावर जे आठवतं तेवढंच आपलं. म्हणून ते रोज थोडा वेळ मिटून बघावं, आणि अडायचंच असेल तर आधी घरी अडावं.