गढूळ पाण्याची बातमी

खूप खूप वर्षांपूर्वी डोंगरांच्या कुशीत एक छोटे राज्य होते. तिथला राजा तसा वाईट नव्हता, पण वाईट बातमी त्याला मुळीच सहन होत नसे. कोणी आणलीच, तर आणणाऱ्याची रवानगी थेट गडावरच्या कोठडीत होई. त्यामुळे दरबारात रोज सगळे उत्तमच असे.

त्या राज्यात सगुणा नावाची एका नावाड्याची मुलगी होती. दोन गावे पाणवठ्यावरून कुऱ्हाडी घेऊन भांडत होती, तेव्हा तिने दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एका नावेत बसवले आणि तंटा मिटेपर्यंत नाव काठाला लावलीच नाही. गावाने तिला पंच केले. पुढे ती परगण्याची कारभारीण झाली आणि एके दिवशी राजाने तिला जलप्रधान नेमले. दरबारात बसणारी ती पहिलीच बाई. राज्यातले सगळे तलाव, कालवे आणि नगराबाहेरचा मोठा बांध तिच्या ताब्यात आला.

पहिल्याच पाहणीत म्हातारा गवंडी तिला बांधाच्या पायथ्याशी घेऊन गेला. दगडांच्या फटीतून पाणी झिरपत होते. सगुणाने ते ओंजळीत घेतले. पाणी गढूळ होते.

"बाईसाहेब, झिरपणारं पाणी स्वच्छ असलं तर काळजी नाही," गवंडी हळूच म्हणाला. "गढूळ असलं की समजायचं, ते आतली माती खातंय. पण तुम्ही हे पाहिलंच नाही म्हणा. मीही तेच म्हणतो."

दुसऱ्या दिवशी राजाने भर दरबारात विचारले, "जलप्रधान, बांध कसा आहे?"

दारातल्या भालेकऱ्यांकडे सगुणाची नजर गेली.

"उत्तम आहे, महाराज."

"वा! मग यंदाची जत्रा बांधाखालच्या मैदानातच भरवू. सगळं नगर तिथे जेवेल."

पुढच्या सकाळी सगुणा मैदानावर येऊन पाहते तो मांडव उभे राहत होते, पाळणे बांधले जात होते, बायका चुली मांडत होत्या. एका बाईने तिला हाक मारली, "सगुणाताई, तुम्ही म्हणालात बांध पक्का आहे, म्हणून लेकरांनाही आणलंय बघा!"

सगुणाने त्याच पावली बांधाचे दरवाजे उघडून पाणी सोडायला सांगितले. मैदान रिकामे करण्याची दवंडी पिटवली. मग थरथरत ती दरबारात गेली.

"महाराज, काल मी घाबरून खोटं बोलले. बांध आतून पोखरलाय. तो फुटणार."

राजाचे डोळे लाल झाले. "फुटला नाही तर?"

"तर मला शिक्षा करा."

"ती आत्ताच करतो!" राजा गरजला. बांधाचे दरवाजे पुन्हा बंद झाले आणि सगुणा कोठडीत गेली.

भिंतीपलीकडून एक घोगरा आवाज आला. "कोण? काय सांगितलंस राजाला?"

"बांधाचं."

"मीही तेच सांगितलं होतं," आवाज म्हणाला. "दोन पावसाळ्यांपूर्वी."

एक दिवस गेला, दुसरा गेला. बांध उभाच होता. आपण चुकलो असू, ही भीती सगुणाला खाऊ लागली. चुकलो नसू, ही भीती तर त्याहून मोठी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी राजाने पुन्हा दवंडी दिली, "जत्रेला चला!" पण सगुणाची दरबारातली कबुली नगरभर झाली होती; लोक घरातून हलेनात. जिने हाक मारली होती, तीच बाई शेजारणींना म्हणाली, "सगुणाताई भित्री आहे, हे ठाऊक आहे मला. पण भित्रं माणूस उगीच प्रधानपदावर पाणी सोडत नाही. तिने काहीतरी पाहिलंय."

भर दुपारी राजा फक्त लवाजमा घेऊन निघाला. मैदानालगतच्या टेकडीवर पोहोचतो, तोच जमीन हादरली. बांधाच्या पोटात आधी एक काळे भोक दिसले, मग सगळा बांधच खाली बसला. राजाच्या डोळ्यांदेखत मांडव, पाळणे, चुली आणि त्याच्यासाठी मांडलेले सिंहासन पाण्याने ओढून नेले. उंचावरच्या नगरात थांबलेले माणूस मात्र एकही गेले नाही.

राजा पायी गडावर गेला आणि त्याने स्वतःच्या हाताने कोठडीचे दार उघडले. "मला आधी कोणी का नाही सांगितलं?"

"शेजारचं दारही उघडा, महाराज," सगुणा म्हणाली. "तिथल्या माणसाला विचारा."

राजाने ते दार उघडले. त्या दिवशी त्याने गडावरच्या सगळ्याच कोठड्या उघडल्या.

सगुणा पुढे राज्याची मुख्य प्रधान झाली. दरबारात बोलायला उठली की शेवटपर्यंत तिचे हात कापत, आणि ती ते लपवत नसे. एखादा नवा कामगार वाईट बातमी घेऊन दारात घुटमळू लागला, की ती त्याला आत बोलावून पाणी देई आणि म्हणे, "बस. अडखळत सांगितलंस तरी चालेल."

यातले तात्पर्य ध्यानी धरावे: भीती सगळ्यांनाच वाटते, पण ज्याच्या शब्दावर इतरांचे जीव विसंबून असतात, त्याने भीतीला विचारून बोलू नये.