केरबा कोतवालाचा आवाज

फार वर्षांपूर्वीची, म्हणजे आमच्या नदीवर धरण व्हायच्या आधीची गोष्ट. आमच्या बोरजाई गावात केरबा नावाचा कोतवाल होता. दवंडी द्यायचं काम त्याचं. तो वेशीवर उभा राहून ओरडला की नदीपलीकडच्या पाच गावांतली माणसं घास हातात धरून ऐकत, असं म्हणतात. औताचे बैलसुद्धा थांबत, असंही म्हणतात. पण आमच्या गावाला वाढवून सांगायची खोड आहे, ते तुम्ही सोडून द्या.

असा माणूस कोतवालीत किती दिवस राहणार? गावानं त्याला सरपंच केलं, मग पंचायत समितीवर पाठवलं आणि शेवटी आमदारकीला उभं केलं. उभं करताना खंडोबाच्या देवळात त्याला बेल-भंडारा उचलायला लावला. गावाच्या शब्दाबाहेर जाणार नाही, अशी शपथ होती. तो निवडून आला तेव्हा आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलो.

पुढं धरण ठरलं, भिंतही उभी राहत आली. पाणी आमच्या शिवारात येणार होतं आणि वरच्या अंगाची डोहवाडी बुडणार होती. केरबाची बहीण गिरजा डोहवाडीत दिलेली. ती मुंबईला जाऊन भावाच्या दारात बसली. म्हणाली, "दादा, धरण नगं म्हणत न्हाई मी. आदी आमाला जागा द्या, मग पानी अडवा, येवढंच तिथं बोल."

हे गावाला कळलं. तो बोलला तर काम लांबेल, म्हणून आमची चार शहाणी माणसं धावत गेली आणि त्याला भंडाऱ्याची आठवण देऊन आली. सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच हवं.

विधानसभेत डोहवाडीचं नाव निघालं तेव्हा केरबा उभा राहिला. सगळ्यांच्या माना वळल्या. तो बराच वेळ उभा होता, मग तसाच खाली बसला. त्याच पावसाळ्यात डोहवाडी पाण्याखाली गेली, आणि केरबाचा आवाज कायमचा गेला, असं म्हणतात.

त्यानं आमदारकी सोडली. डोहवाडीची माणसं आता माळावर, पत्र्याच्या खोपटांत राहत होती. तिथं तो रोज जाई आणि एकेका दारात हात जोडून उभा राही. गिरजानं सात वर्षं दार उघडलं नाही. एका सकाळी उघडलं, तर तो उंबऱ्याशी मरून पडला होता.

त्या दिवशी धरणाचं दार वर केलं, पण पाटात पाणी उतरेना. दार पूर्ण उघडं आणि पाणी जागचं हलत नव्हतं, असं म्हणतात. तेव्हा कुठं अख्खं गाव माळावर गेलं. सरपंचानं खाली बघत गिरजाला विचारलं, "पाणी घेऊ का?"

"ह्ये आदी इचारायचं हुतं," ती म्हणाली. मग उंबऱ्याकडं बघून म्हणाली, "घ्या." आणि पाट वाहू लागला.

तेव्हापासून पाटाला पाणी सुटायच्या दिवशी बोरजाईचं एक माणूस दरवर्षी अनवाणी माळावर जातं आणि केरबाच्या नावानं दारोदार विचारतं, "पाणी घेऊ का?" माळावर प्यायचं पाणी अजून टँकरनं येतं. तरी आजवर एकाही दारातून नकार आलेला नाही. ते म्हणतात, "घ्या." आणि आम्ही घेतो.