ठकू लोणारणीचा चौथरा

फार वर्षांपूर्वी आसणखोरीच्या टेकडीवर चुन्याची भट्टी होती. आता तिथं एक पांढरा चौथरा आहे आणि त्याच्यावर कोंबड्या बसलेल्या असतात. नवखा माणूस बघून हसतो. हसायचं त्यानं हसून घ्यावं, मग ऐकावं.

आसणखोरी लाल मातीचं गाव. त्या मातीत पांढरा खडा शोधून सापडत नाही. भट्टीचं लाकूड वर होतं, म्हणून चुनखडी खालच्या नदीतून बैलांच्या पाठीवर वर यायची. भट्टी बहिरू लोणाऱ्याची. त्याची बायको ठकू. मूलबाळ नव्हतं. बहिरूच्या चुन्यानं बांधलेली भिंत हत्तीच्या धडकेनंही हलत नसे, असं म्हणतात.

बहिरू तापानं गेला आणि भट्टी विझली. शेवटचा चुना उरला होता. ठकूनं बैलाच्या जागी स्वतःला चुन्याच्या घाण्याला जुंपून तो मळला आणि नवऱ्याच्या नावानं टेकडीवर चौथरा बांधला. तिचं म्हणून जगात तेवढंच उरलं होतं.

आणि त्याच चौथऱ्याच्या मागं गावातल्या कोंबड्या लागल्या. टेकडी चढून यायच्या आणि चोचीनं चौथरा टोकरायच्या. ठकू काठी घेऊन बसायला लागली. पाण्याला जाणाऱ्या बाया म्हणायच्या, "ठके, जिवंतपणी नवऱ्याची एवढी राखण केली असतीस, तर आणखी जगला असता की!" ठकूची काठी मात्र चुकायची नाही.

भट्टीभोवतीचा पांढरा चुरा दर पावसाळ्यात वाहून जात होता. एक वर्ष असं आलं की तो उरलाच नाही. त्याच वर्षी गावातली अंडी मऊ पडायला लागली. अंडं हातात घ्यावं तर नुसती पाण्याची पिशवी. टरफल नाही. चांगल्या चांगल्या कोंबड्या अंडं अडून मरायला लागल्या.

गोजराबाई पाटलीण धास्तावली. तिच्या सुनेची, मथुरेची, दोन बाळं पोटातच गेली होती आणि आता तिला पुन्हा दिवस होते. गोजराबाई चावडीसमोर उभी राहून म्हणाली, "अंड्याला टरफल नाही, मग माझ्या नातवाला हाडं कुठनं यायची? सुनेचे दिवस भरायच्या आत या गावात एक कोंबडी राहता कामा नये."

कुणाला दुसरं काही सुचत नव्हतं. येत्या अमावास्येला सगळ्या कोंबड्या गावाबाहेर टेकडीवर नेऊन कापायच्या आणि पुरायच्या, असं ठरलं.

मथुरेनं माहेराहून एक तलंग, कोवळी कोंबडी, आणली होती. अजून वर्षाचीही नव्हती. ती शेपूट टाकून, मान आत ओढून बसली. दाणा घेईना. मथुरा तिला पदराखाली घेऊन टेकडी चढली.

"ठकूआत्या, हिचं अंडं अडलंय. घरात कुणी हात लावत नाही."

"अमावास्येला कापायचीच आहे की."

"कापतील तेव्हा कापतील. आज मरते आहे ना ती."

ठकूनं काठी बाजूला ठेवली. पाणी कोमट केलं. परातीत ओतून तलंग त्यात बसवली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. मग मागं बोटानं गोडं तेल लावलं. पोट दाबलं नाही. आत अंडं फुटलं तर कोंबडी जाते, हे तिला ठाऊक होतं. अंग पुसून तिला डालग्याखाली अंधारात ठेवलं. थोड्या वेळानं अंडं आलं. मऊच होतं, पण तलंग वाचली.

"राहू दे इथं," ठकू म्हणाली. "घरी नेलीस तर सासू तुला आधी कापील." मथुरा हसली. ती पुष्कळ दिवसांनी हसली होती.

डालगं चौथऱ्याला टेकून होतं. तलंग आतून चोच काढून चौथऱ्याचा कोपरा खात राहिली. एके सकाळी ठकूनं पाहिलं, तर कोपरा पोखरलेला. तिनं काठी उचलली. तेवढ्यात डालग्यात टक् असा आवाज झाला. अंडं दगडावर पडलं होतं आणि फुटलं नव्हतं.

ठकूनं ते उचलून दातावर वाजवलं. मग ती चौथऱ्यापाशी खाली बसली. कोंबड्या वाईट करायला येत नव्हत्या, मागायला येत होत्या. आणि एवढे दिवस ती त्यांना मारत होती.

अमावास्येला सगळं गाव डालगी घेऊन टेकडीवर जमलं. कोयते पाजळले होते. ठकू बहिरूचा घण घेऊन आली आणि तिनं चौथऱ्यावर पहिला घाव घातला.

गोजराबाई ओरडली, "ठके, डोकं फिरलं का तुझं? नवऱ्याचा चौथरा फोडतेस?"

"तो असता तर त्यानं आधी माझी काठी मोडली असती," ठकू म्हणाली. "यांना हे हवंय, पाटलीणबाई. पुनवेपर्यंत थांबा. अंडी मऊच राहिली तर कोयता मी धरते."

मथुरा डालग्यांच्या पुढं जाऊन बसली. "सासूबाई, मी इथनं उठत नाही." गोजराबाई सुनेच्या पोटाकडे बघत राहिली. मग तिनं हातातला कोयता खाली टाकला.

असं म्हणतात, डालग्यांची तोंडं कुणी सोडली नाहीत, ती आपोआप सुटली. घाव पडत होता, पांढरी धूळ उडत होती, आणि गावाची सगळी लाल माती त्या दिवशी पांढरी झाली. कोंबड्या ठकूच्या पायांत, मांडीवर, खांद्यावर बसून खात होत्या. एकीनंही तिला चोच लावली नाही. ती रडत होती आणि घाव घालत होती.

पुनवेला गोजराबाईनं एक अंडं ताटात सोडलं. ते वाजलं. तो आवाज वेशीपर्यंत गेला, असं म्हणतात. पुढं मथुरेला मुलगी झाली. तिनं ठकूचं बोट असं धरलं की तिघींना मिळून सोडवावं लागलं.

चौथरा संपत आला तेव्हा ठकूनं बायांना सांगितलं, "अंड्याची टरफलं उकिरड्यात टाकू नका. तव्यावर भाजा, कुटा, इथं आणून टाका. भट्टीतला ताजा चुना मात्र कोंबडीला कधी देऊ नका, तोंड भाजतं."

ठकू गेली त्या सकाळी गावात एकही कोंबडा आरवला नाही. सगळ्या कोंबड्या टेकडीवर तिच्याभोवती गप्प बसल्या होत्या, असं म्हणतात.

आजही आसणखोरीत टरफल कुणी फेकत नाही. दर रविवारी बाया ते कुटून चौथऱ्यावर मूठमूठ टाकतात. कोंबड्या खातात आणि चौथरा तेवढाच राहतो. बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडते ती तिथं पाया पडायला.

आणि त्या टेकडीवर काठी न्यायची नाही. गुराखी आपली काठी पायथ्याशी ठेवतो. ज्याला काठीवाचून चालता येत नाही असा म्हातारासुद्धा ती पायथ्याशीच ठेवतो आणि कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून वर जातो.