लुदिवीनची हाळी

गाईनं चरातलं पाणी हुंगलं आणि मान फिरवली. तिथून सगळं सुरू झालं, असं म्हणतात.

ही गोष्ट कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावाची, आणि इतकी जुनी की आता तिचं साल कुणी विचारत नाही. तिथला समुद्र मोठा खोडसाळ. ओहोटीला इतका मागे जातो की होड्या चिखलात बसून राहतात, आणि भरतीला घरावर घर रचावं इतका चढून येतो. त्याच्या तोंडातून खालच्या आळीच्या फ्रेंच माणसांनी जमीन काढून घेतली होती. गवताच्या मुळांसकट चिखलाच्या विटा कापून त्यांनी बांध घातला. बांधाच्या पोटात पोकळ ओंडका, ओंडक्याला समुद्राच्या बाजूनं लाकडी झडप. ओहोटीला झडप उघडायची, पावसाचं पाणी बाहेर जायचं. भरती आली की समुद्रच ती ढकलून बंद करायचा. आत गहू, बाहेर खारं पाणी.

पुढे टेकडीवर स्कॉटलंडहून माणसं येऊन राहिली. भाषा वेगळी, प्रार्थना वेगळी. दोन्ही आळ्या एकमेकींना बघून मान डोलवायच्या, तेवढंच.

लुदिवीन खालच्या आळीची, विशीतली. चुलीत लाकूड तडकलं तरी दचकायची. दोनदा ती बांधावरून ओरडली होती, "पाणी आलं होऽ!" लोक फावडी घेऊन धावले. एकदा धुकं निघालं, एकदा तिनंच वाळत घातलेला परकर. तेव्हापासून थिओफिल काका म्हणायचे, "पोरी, आता खरंच समुद्र आला तर त्याला म्हणावं, जरा बस, आम्ही जेवून येतो."

तर गाईनं मान फिरवली आणि लुदिवीन दचकली. तिनं चरात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट!

ती बांधापलीकडे उतरली. झडप सताड उघडी, खाली पाचर मारावी तसा दगड बसवलेला. त्याच सकाळी ओहोटीला टेकडीवरच्या फिनलेनं तो बसवला होता. शेजाऱ्यांच्या शेतात पाणी साचलंय, दार नीट उघडत नाहीय, असं त्याला वाटलं. बिचारा मदत करून शीळ वाजवत घरी गेला. त्याच्या स्कॉटलंडच्या डोंगरात पाणी एकाच दिशेनं जायचं, खाली.

आणि त्या दिवशी अमावास्येचं उधाण होतं. गहू आठ दिवसांवर कापणीला आलेला. एकदा मीठ शिरलं की तीन वर्षं जमिनीत काही उगवत नाही.

लुदिवीननं दगड ओढला. तो हलेना. पाणी कमरेला लागलं. ती ओरडली.

"ओरडली वाटतं," थिओफिल काका म्हणाले. "आज काय, परकर की पलंगपोस?" खालची आळी पोट धरून हसली आणि बसूनच राहिली.

ती पुन्हा ओरडली. तेव्हा आकाशातले पक्षी पाण्यावर उतरले, खाडीपल्याडच्या बेटावर दारांच्या कड्या आपोआप निघाल्या, आणि खुद्द भरती बांधाशी क्षणभर थबकली, असं म्हणतात.

अजूनही कापणीआधीच्या शनिवारी तिथे सगळ्यांत भित्री पोरगी मानानं निवडतात. ती बांधावरून हाळी देते आणि दोन्ही आळ्यांनी हातातलं काम टाकून ओ द्यायची असते, तोंडात घास असला तरी. पोर दचकली तर त्या गावात कुणी हसत नाही. "काय दिसलं गं?" असं विचारतात. आणि बांधाच्या आत गहू अजून डुलतो.

पण त्या दिवशी पाणी लुदिवीनच्या हनुवटीला लागलं होतं. खालच्या आळीकडे बघणं सोडून तिनं तोंड टेकडीकडे वळवलं आणि तिसऱ्यांदा हाळी दिली. फिनले दगडी कुंपण रचत होता. त्याला तिचा एकही शब्द कळला नाही. आवाज मात्र कळला. हातातला दगड टाकून त्यानं दोन्ही तळवे तोंडाशी धरले. मागे एकेक करून सारी टेकडी उभी राहिली, आणि त्यांच्या भाषेत, एका दमात, वरून उत्तर आलं:

"आलोऽऽ!"