पाथरीबाई आणि वेशीबाहेरच्या म्हाताऱ्या

ऐका पाथरीबाई, तुमची कहाणी. एक नगर होतं आटपाट. तिथं राजा होता, चंपकवती नावाची राणी होती आणि राणीच्या कपाळी सासू होती.

राणीनं अंगणात नवी फरशी घातली. फरशीच्या फटीफटीतून पाथरी उगवे. तिला पिवळं फूल येई, फुलाची पांढरी म्हातारी होई, वाऱ्यावर उडे. सासू दर आदितवारी पाथरी खुडी, लसूण घालून भाजी करी, लेकाला वाढी. म्हणे, "पोटाला बरी, पित्ताला बरी. माझा वसा आहे."

राणी म्हणे, "गवत खायला आम्ही काय म्हशी?"

सासू म्हणे, "म्हशी खाताना कुरकुरत नाहीत हो."

एके दिवशी काय झालं? एक म्हातारी उडत आली, राजाच्या खिरीत पडली. दुसरी आली, राणीच्या कुंकवाला चिकटली. तिसरी नाकात शिरली. राणी भर दरबारात शिंकली. मग कडाडली, "प्रधानजी, उद्यापासून नगरात एक म्हातारी दिसता कामा नये!"

प्रधान जुना माणूस. हुकूम समजून घ्यायचा नसतो, बजावायचा असतो, या एका गुणावर तीन राजांना पुरला होता. त्यानं दवंडी पिटली आणि झाडून साऱ्या म्हाताऱ्या वेशीबाहेर काढल्या. सगळ्यांत पुढं राणीची सासू, काखेत विळी.

राणीला घोटाळा कळला. पण सासू परस्पर गेली होती. राणी गप्प बसली. मग फरशीतली पाथरीही उपटून टाकली.

मग राजाचं पोट फुगलं, तोंड कडू झालं, अन्न जाईना. एक वैद्य आला, मोती उगाळून गेला. दुसरा आला, सोनं उगाळून गेला. तिसरा म्हणाला, "याचं औषध माझ्या आजीला ठाऊक होतं. तिला तुम्हीच हाकललंत." राजानं डोळे मिटले. राणीच्या तोंडचं पाणी पळालं. ती अनवाणी वेशीबाहेर धावली.

तिथं म्हाताऱ्या झाडाखाली पाथरी निवडत, सुनांची उणीदुणी काढत मजेत बसल्या होत्या.

"सासूबाई, सासूबाई, तुमचा वसा मला सांगा."

"सांगेन. आधी सांग, चूक कोणाची?"

"प्रधानाची." सासू पाथरी निवडत राहिली.

"वाऱ्याची." सासू निवडत राहिली.

राणी रडकुंडीला आली. "माझी हो! कळलं तेव्हा गप्प बसले."

मग सासू उठली. "पाच कोवळी पानं खुड. आधी आपण खा, मग नवऱ्याला दे. खाऊन तोंड वाकडं करायचं नाही, राणीपणानं मातायचं नाही, घेतला वसा मध्येच सोडायचा नाही."

राणीनं पानं खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड सरळ ठेवलं. मग राजाला भरवली. पहिल्या दिवशी राजानं डोळे उघडले, दुसऱ्या दिवशी उठून बसला, तिसऱ्या दिवशी भाकरी मागितली.

राणी म्हणाली, "प्रधानजी, म्हाताऱ्यांना मानानं परत आणा."

प्रधानानं हात जोडले. "उडत्या की चालत्या, राणीसाहेब?"

"दोन्ही!" राणी म्हणाली, आणि शिंकली.

जशी पाथरीबाई तिला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो, तोंड सरळ ठेवायचं बळ देवो. साठां उत्तरांची ही कहाणी पाचां पानांत सुफळ होवो.