पिवळी भिंत, पोपटी भिंत

बुधवार होता. म्हाळसा परसात बसून फडक्यातून चुना गाळत होती. तेवढ्यात राजवाड्याचा हुजऱ्या दारात येऊन ओरडला, "वहिनी, निरोप आणलाय! वाईट आहे. आधी पाणी द्या, मग सांगतो."

"आधी सांग, मग पाणी. असले निरोप पोटात ठेवून पाणी प्यायलास, तर ठसका लागेल!"

हुजऱ्याने सांगून टाकलं. सोनगिरीच्या जयकर्णराजाने नवी बैठक बांधली होती. लांबलचक दालन. पूर्वेच्या टोकाला आईसाहेबांची गादी, पश्चिमेच्या टोकाला राणीसाहेबांची, मधोमध राजाची. तिघांच्या समोर एकच लांब भिंत. आईसाहेबांना ती हळदीसारखी पिवळी हवी होती, राणीसाहेबांना पोपटी.

"पोपटी? ही बैठक आहे की पेरूची बाग?" सासूबाई म्हणत.

"पिवळी? भिंतीला काय कावीळ झालीय?" सूनबाई म्हणत.

म्हाळसाचा नवरा बहिरू वाड्याचा रंगारी. त्याने ती भिंत सात वेळा रंगवली. चार वेळा पिवळी, तीन वेळा पोपटी. आठव्यांदा रंग कालवण्याआधीच तो तापाने गेला. त्याला दोन महिने झाले होते.

"आता महाराज हट्टाला पेटलेत," हुजऱ्या म्हणाला. "म्हणतात, भिंत आईसाहेबांना सगळीच्या सगळी पिवळी दिसली पाहिजे, राणीसाहेबांना सगळीच्या सगळी पोपटी. तीही एकाच वेळी! दोघींनी आपापल्या जागी बसून बघायचं, मधे पडदा नाही. आठव्या दिवशी दिवेलागणीला बघायला येणार. नाही जमलं तर रंगाऱ्याचं हे घर खाली करायचं."

"आणि जमलं तर?"

"ते महाराजांनी सांगितलंच नाही. जमेल असं वाटतंय कुणाला?"

पाणी पिऊन हुजऱ्या गेला. म्हाळसा पुन्हा चुना गाळायला बसली, पण हात चालेना. याच परसात बहिरूचे रंग वाळले होते. हे घर सोडून जायचं कुठे? समोर दोरीवर तिचं लुगडं वाळत होतं. वाऱ्याने ते एका जागी गोळा होऊन त्याच्या निऱ्या पडल्या होत्या. प्रत्येक निरीची एक बाजू उन्हात, दुसरी सावलीत. विहिरीकडून पाहिलं तर लुगडं लख्ख, गोठ्याकडून पाहिलं तर काळपट! म्हाळसा उठली. विहिरीकडे गेली, गोठ्याकडे गेली, परत विहिरीकडे आली. चार फेऱ्या झाल्यावर तिला हसूच फुटलं. शेजारीण कुंपणावरून डोकावली. दोन महिन्यांत त्या घरातून हसण्याचा आवाज आला नव्हता.

म्हाळसा तशीच सुताराकडे गेली. "दादा, भिंतीएवढ्या उंच लाकडी पट्ट्या हव्यात. तीन बाजूंच्या. दोनशे!"

"तीन बाजू कशाला गं?"

"एक भिंतीला टेकायला."

"आणि उरलेल्या दोन?"

"त्या भांडायला!"

आठ दिवस भिंतीवर पडदा होता आणि आत म्हाळसा. आठव्या दिवशी दिवे लागायच्या वेळी मंडळी जमली. म्हाळसाने आधी मधली मोठी हंडी उतरवायला लावली.

"अगं, अंधार होईल!" प्रधानजी ओरडले.

"मधला दिवा दोन्हीकडे लुडबुड करतो, प्रधानजी!" असं म्हणून तिने दोन्ही टोकांना एकेक उंच समई ठेवली, सगळ्या वाती पेटवल्या आणि पडदा ओढला.

"अगंबाई, पिवळी!" आईसाहेबांनी टाळीच वाजवली. "खंडोबाच्या भंडाऱ्यासारखी!"

"पिवळी कुठली? चांगली पोपटी आहे!" पलीकडून राणीसाहेब म्हणाल्या.

"सूनबाई, काजळ जास्त झालं वाटतं डोळ्यांत!"

"आईसाहेब, वैद्यांना बोलावू का?"

राजाने प्रधानजींना पिटाळलं. ते पूर्वेला धावले. "पिवळी, महाराज!" पश्चिमेला धावले. "पोपटी, महाराज!" पुन्हा पूर्वेला निघाले ते उपरण्यात पाय अडकून मधेच बसले. "मला घेरी आली, महाराज!"

मग सुनेला दाखवून द्यायला आईसाहेब उठल्या, सासूला दाखवून द्यायला राणीसाहेब. मधोमध दोघी एकमेकींना ओलांडून गेल्या. कुणी थांबलं नाही. एकमेकींच्या टोकाला पोचल्यावर दोघींनी भिंतीकडे पाहिलं, आणि दोघी तशाच परत आपापल्या गादीवर येऊन बसल्या.

राजा पुढे झाला. भिंतभर उभ्या पट्ट्या, प्रत्येकीची धार बाहेर. पूर्वेकडची बाजू पिवळी, पश्चिमेकडची पोपटी. पूर्वेच्या समईचा उजेड पिवळ्यावर पडे, पश्चिमेच्या समईचा पोपटीवर. तो परत आपल्या जागी येऊन बसला आणि एकदम गरजला.

"म्हाळसा! आईसाहेबांना पिवळी, राणीसाहेबांना पोपटी, ते खरं. पण मला? मला नुसते पट्टे दिसतायत! पिवळा, पोपटी, पिवळा, पोपटी!"

म्हाळसाने हात जोडले.

"सरकार, आई आणि बायको यांच्या मधे जो बसतो, त्याला दोन्ही रंग दिसायचेच. त्यावर कुठल्याच रंगाऱ्याकडे औषध नाही!"

राजाने आईकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. आणि असा हसत सुटला, की लोड घरंगळून प्रधानजींच्या पायावर गेला! आईसाहेब हसल्या, राणीसाहेबही हसल्या. त्या दोघी एका वेळी हसल्याची वाड्यात ही पहिलीच नोंद!

"घर कायमचं तुझं," राजा डोळे पुसत म्हणाला, "आणि वाड्याचं रंगकामही आजपासून तुझ्याच नावे!"

जाता जाता त्याने दार ओढलं आणि थबकला. दारामागे वीतभर भिंत तशीच होती. तिच्यावर कुंचल्याचे सात ठिपके होते, चार पिवळे, तीन पोपटी.

"अगं, एवढं राहिलं की!"

"हो, सरकार. रंग जमला का ते आमचे हे तिथे लावून बघायचे."

राजाने दार अलगद होतं तसं लोटलं. "सवडीनं कर."

"करीन," म्हाळसा म्हणाली आणि तिने कुंचले गोळा केले.

ते काम अजून राहिलं आहे.